ओल्या ताण्यावरचा उजेड

नरसव्वाअक्का नसती तर मी आज कुठे असते, हे मला सांगता येत नाही. म्हणून आधी तिचं नाव लिहिते, मग बाकीचं. आमच्याकडे मेंढरं रानाला काढताना पहिलं नाव देवाचं घेतात. मी इथे तिचं घेते. सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका बोळात राहणारी, घरात तेलुगू आणि दारात मराठी बोलणारी, अंगानं काटकुळी बाई. कोपरापर्यंत हातावर खळीचे पांढरे पापुद्रे सुकलेले. नात्यानं ती माझी कुणी नाही. जातीनं नाही, गावानं नाही, भाषेनंही नाही. तरी कुणी विचारलं, तुझं माहेर कुठलं, तर तोंडावर आधी तो बोळ येतो आणि मग सांगोल्याकडचं माझं खरं गाव.

परवा ट्रंक उघडली. इथे इंदुरात पाऊस संपला की मी कपड्यांना ऊन दाखवते. तळाशी ते हिरवं लुगडं होतं. मी ते कधी नेसले नाही, कुणाला दिलंही नाही. दर वर्षी बाहेर काढते, झटकते, घडी उलटी करून परत ठेवते. या वेळी सोनी जवळ बसली होती. ती आता चौथीत आहे. माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे गेली, कारण मी तिसरीची पाटी खाली ठेवली ती ठेवलीच. ती कापडावरून बोट फिरवत गेली आणि मध्येच थांबली.

"आई, हितं असं काय लागतंय? खरबरीत."

"असू दे."

"असू दे काय? वीतभर पट्टा कसा कडक झालाय बघ. तेवढा कापून टाकू की. बाकीच्याचे माझे दोन परकर होतील."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिचे परकर खरंच विरलेत, आणि इथल्या गिरणीत ह्यांचं काम आज आहे, उद्याचं देव जाणे. मी कात्री हातात घेतलीसुद्धा. पण त्या पट्ट्यावर अंगठा टेकला आणि हात पुढे जाईना. धागे तिथे एकमेकांना धरून बसलेत, भ्यालेली कोकरं एकमेकांत डोकं खुपसून बसावीत तसे. त्या वितीत एक अख्खी सकाळ अडकून राहिलीय, हे मी सोनीला कसं सांगू?

त्या बोळाला सकाळी आंबूस वास असायचा. ज्वारीच्या पिठाची खळ रात्रभर मुरलेली असे. पहाटे ती चुलीवर चढली की घराघरातून तो वास बाहेर यायचा आणि कडुनिंबाच्या मोहोराच्या वासात मिसळायचा. आजही कुठे पीठ आंबलं की मी मान वळवते. मग गिरण्यांचे भोंगे. एक जाड, एक किनरा, आणि एक मध्येच खोकल्यासारखा तुटणारा. भोंग्यांबरोबर गडीमाणसं चालायला लागायची, त्यांत आमचे हेही असायचे. गिरणीच्या दारात बदलीच्या रांगेत उभं राहायला, कुणी आलं नाही तर त्याच्या जागी दिवसभराचं काम मिळेल म्हणून. ती पावलं विरली की हातमागांची खडखड सुरू व्हायची. ती इतकी सारखी चालायची की ऐकूच यायची नाही. थांबली तरच ऐकू यायची.

आणि पांजणी. बोळाच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत बांबूच्या कैच्या उभ्या करून त्यांवर लुगड्यांचा ताणा पसरायचा. हजारो उभे धागे, एकाला एक न लागता, वाऱ्यावर किंचित हलणारे. हिरव्या ताण्याचा दिवस असला की वाटायचं, बोळातून ओढाच वाहतोय. त्यावर खळ चढवायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांच्या जोड्या समोरासमोर उभ्या राहून मोठाले कुंचे फिरवत चालायच्या. खळ सुकेपर्यंत कुंचा थांबायचा नाही. थांबला की धागे एकमेकांना चिकटले, आणि चिकटले की मागावर तुटले. म्हणून पांजणी चालू असली की तो बोळ देवळासारखा असायचा. बैलगाडी तोंडाशीच थांबायची. घाईचं माणूस ताण्याखालून वाकून जायचं, तेही विचारून. एकदा एक प्रेतसुद्धा मागल्या रस्त्यानं गेलं. खांदेकऱ्यांनी दुरून ताणा बघितला आणि न सांगता वळले.

आम्ही तिथे का आलो ते सोडा. रान वाळलं होतं, मेंढरं उरली नव्हती, सोनी पोटाशी होती. बोळातले विणकर यल्लय्यामामा, त्यांच्या मागाच्या खोलीला लागून एक पडवी होती. तिथे राहायचं, आणि त्याच्या बदल्यात मी कांड्या भरायच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या नळ्या रहाटावर गुंडाळायच्या. पहिले काही दिवस मी कुणाशी बोललेच नाही. चारी बाजूंनी तेलुगू. मला ती ओढ्यातले गोटे एकमेकांवर घासल्यासारखी वाटायची. अक्का समोरच्या घरात राहायची. नवरा नव्हता, मूल नव्हतं. एके दिवशी ती रहाटाजवळ येऊन उकिडवी बसली.

"एमे पिल्ला, जेवलीस का?"

पिल्ला म्हणजे तिच्या भाषेत पोरगी. मी मान हलवली.

"खोटं बोलतीस. कांडीवर सूत ढिलं पडतंय. उपाशी माणसाचं सूत ढिलं पडतं."

तिनं पदराखालून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. चटणी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती हसली. "रडायचं होतं न्हवं तुला? आता कुणी विचारलं तर सांग, चटणीनं."

नंतर तिनंच मला कुंचा धरायला शिकवलं. बोळात हसायला सगळ्यांना निमित्त मिळालं. कोपऱ्यावर सूत रंगवणारे बाशूचाचा होते. निळीत बुडालेले हात कमरेवर ठेवून ते ओरडायचे, "अरे बावा, देखो देखो! ताना नै, बकऱ्यां हकालरी ये!" सगळे हसायचे. अक्का हसायची नाही. ताण्याच्या पलीकडून माझ्या मनगटाकडे बघत राहायची. "हात हलका, पिल्ला. मेंढीची लोकर नव्हं ही. आन् मान खाली. खळ ओली हाय तवर मान वर करायची न्हाय. वर देव आला तरी."

"देवाला राग यायचा की, अक्का."

"देव थांबतो. खळ थांबत न्हाय."

मी मान खाली घालायला शिकले, पण ते माझ्या अंगात नव्हतं. मेंढरामागं वाढलेलं माणूस खाली बघून चालतच नाही. आमच्या रानात मोरघार यायची, कोवळं कोकरू उचलणारी. ती दिसायच्या आधी तिची सावली किंवा पंखाची लकाकी कळपावरून सरकायची, आणि ती ज्याला दिसेल त्यानं हाळी घालायची: "वर हाय! वर हाय!" मग रानातल्या सगळ्यांनी वर बघायचं आणि काठ्या उगारायच्या. मी चालायला शिकले त्याच सुमारास ती हाळी शिकले असेन. पाटी सुटली, रान सुटलं, ती हाळी गळ्यातच राहिली.

तीस साली सोलापुरात लष्कराचा अंमल बसला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच सरली होती. पोरांच्या हातांत अजून साखरेचे हार होते, अर्धे चाटलेले. ऊन कोवळं होतं. पांजणीला त्याच्यासारखं ऊन नाही. खळ सावकाश सुकते. यल्लय्यामामांच्या मुलीचं, लक्ष्मीचं, लग्न ठरलं होतं, आणि त्या बोळाची रीत अशी की मुलीच्या लग्नाची लुगडी बापानं स्वतःच्या मागावर विणायची. लग्नाच्या ताण्याला खळ देताना साधी माणसं बोलवायची नाहीत. बोळात ज्याच्या हाताचा सगळ्यांत भरवसा, त्यानं पुढचा कुंचा धरायचा. तो हात कितीतरी वर्षं अक्काचा होता. कुठल्याही घरी लग्न निघालं की तिच्या दारात हळदकुंकू लावलेला कुंचा येऊन पडायचा. एकट्या बाईला मानाचं तेवढंच होतं.

आणि त्या ताण्याला ती म्हणाली, माझ्यासमोर ही उभी राहील. ही म्हणजे मी.

यल्लय्यामामा वाईट माणूस नव्हते. पण पोरीचं लग्न म्हणजे बापाचा जीव टांगलेला. ते दबक्या आवाजात म्हणाले, "नरसव्वा, ही परवा आलेली. लक्ष्मीचा ताणा हाय हा."

"म्हणून तर. लक्ष्मीच्या ताण्यानं शिकली की जन्मभर चुकायची न्हाय."

"आन् बिघडला तर?"

मामा माझ्याकडे वळले, पण माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाले, "लग्नाचा ताणा बिघडला तर मला ते माणूस दारात ठेवता येनार न्हाय, बाई. व्याही काय म्हणतील? पडवी रिकामी करावी लागंल. आधी सांगतो, मागनं नको." मी व्हय म्हणाले. पडवीबाहेर आम्हाला कुठेच जागा नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

कडुनिंबाच्या फांदीला सोनीची झोळी बांधली होती. हिरवा ताणा, ओला, बोळभर. पुढे अक्का आणि मी, मागे मामा, त्यांचे भाऊ आणि दोघेतिघे. कुंचे चालले होते, सर्र सर्र, एका लयीत. सूर्य माझ्या पाठीवर होता, आणि माझी सावली ताण्यावरून अक्काच्या पायांपर्यंत गेली होती. हे मी मुद्दाम सांगतेय. सूर्य पाठीवर होता.

आणि ओल्या धाग्यांवरून समोरच्या बाजूनं एक उजेड सरकत आला. पाण्यात मासा वळावा तसा. माझ्या सावलीच्या अंगावरून तो गेला आणि सावली क्षणभर फिकी पडली.

मी विचार केलाच नाही. झोळीत लेकरू होतं आणि वरून काहीतरी लकाकत गेलं, एवढंच अंगाला कळलं. गळा आपोआप उघडला. "वर हाय! वर हाय गं, वर हाय!"

माझी हाळी मोठी. दोन टेकड्या ओलांडणारी. अख्ख्या बोळानं मान वर केली.

किल्ल्याच्या बाजूला, गिरणीच्या धुराड्याच्याही पलीकडे, काहीतरी होतं. घासून लख्ख केलेला पितळेचा तांब्या आडवा धरावा तसं. लिंबाएवढं दिसत होतं, पण दूर असल्यामुळे तेवढं. धूर त्याच्या अलीकडून जात होता. पंख नव्हते. शेपूट नव्हती. ते हलत नव्हतं, आणि नुसतं तरंगतही नव्हतं; कुणीतरी भिंतीला खुंटी मारून अडकवल्यासारखं निळ्यात स्थिर होतं. त्याच्या कडा मात्र थरथरत होत्या, चुलीवरच्या हवेसारख्या. मधूनच पांढरं, मधूनच तांबूस. आवाज म्हणाल तर काही नाही. तेव्हाच मला माग ऐकू आले, म्हणजे ते थांबलेले ऐकू आले. माणसं खोल्यांतून बाहेर आली होती. निंबावर एक कावळा बोलत नव्हता.

"विमान है रे, विमान!" बाशूचाचांचा आवाज.

"विमानाला आवाज असतोय की! पुण्याला बघितलंय मी. कान फाटतात."

"मग हे काय हाय?"

"सिद्रामाप्पाच्या देवळाचा कळस हाय. हात जोडा."

"कळस उडतोय व्हय रे येड्या?"

कुणी हसलं नाही. एक कुंचा खाली पडल्याचा आवाज आला. मामांचा असावा, ते हात जोडून "स्वामी, स्वामी" म्हणत होते. आणि खालून, माझ्या कमरेच्या उंचीवरून, अक्काचा आवाज येत होता, "पट्टु! पट्टु!" धर, धर. "अगं धरा कुणीतरी! खळ सुकतीय!"

मला ते ऐकू येत होतं. पण मान खाली येईना. माझ्या हातातला कुंचा ताण्यावर टेकलेला होता आणि तसाच टेकून राहिला होता. मग ती ताण्याखालून वाकून माझ्या बाजूला आली. तिचा ओला हात माझ्या मुठीवर पडला. तिनं माझी बोटं एकेक करून उकलली आणि कुंचा काढून घेतला. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. ती हळू म्हणाली, "तू बघ, पिल्ला. दोघींचं बघ. मी हितं हाय."

आणि ती गेली. दोन्ही हातांत दोन कुंचे घेऊन, ताण्याच्या या अंगानं, वाकून त्या अंगानं, परत या अंगानं. अख्ख्या बोळाचा ताणा एकटीनं. मी तिला बघितलं नाही. मी वर बघत होते. मला फक्त तिची अनवाणी पावलं ऐकू येत होती, आणि कुंच्यांची सर्र सर्र, आता लय तुटलेली, धाप लागल्यासारखी.

वर ते एका बाजूला कललं. कुणीतरी तांब्या ओतायला घ्यावा तसं. मग न वळता, न घाई करता, मंगळवेढ्याच्या अंगाला सरकत गेलं. आधी तांब्या, मग मणी, मग नुसता उजेड, मग निळं. पाण्यात मीठ विरावं तसं. मी तिथे बघतच राहिले. दोघींचं बघायचं होतं ना.

पहिल्यांदा बोलला तो कावळा. मग झोळीत सोनी रडली. मग सगळ्यांना ताणा आठवला.

अक्का टोकाला उभी होती, कुंचे खाली सोडून, छाती भात्यासारखी हलत. ताणा सुकला होता आणि सुटा सुटा होता. अख्खा बोळभर. मामा त्याच्यावरून तळवा फिरवत आले, एकेक कैची ओलांडत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला होता. माझ्या जागेपाशी येऊन तळवा थांबला. वीतभर. जिथे माझा कुंचा टेकून राहिला होता तिथे धागे एकमेकांना घट्ट चिकटले होते.

मामा ताण्यापासून मागे सरले. खाली बसले. बोलल्या त्या दुसऱ्याच बायका.

"लग्नाच्या ताण्यावर घारीची हाळी! कुणी घालतं व्हय?"

"तिनंच वर बघा म्हटलं. तिनं म्हटल्यावर दिसलं ते. आधी व्हतं का?"

"आली तवाच म्हणलं मी, ह्या बाईचा पाय कसा हाय कुणास ठाऊक."

मी सोनीला झोळीतून काढलं आणि छातीशी धरलं. मामा खाली बघत म्हणाले, "मी आधी सांगितलं व्हतं, बाई." एवढंच. मला पडवीतलं आमचं सगळं सामान डोळ्यांपुढे दिसलं: एक घोंगडी, एक तवा, ह्यांची पगडी. ते उचलायचं आणि कुठे जायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. हे अजून गिरणीच्या दारात उभे असतील. त्यांना काय सांगायचं? आकाशात काहीतरी दिसलं म्हणून आपलं घर गेलं?

अक्का टोकाकडून चालत आली. सावकाश, पदरानं हात पुसत.

"कुणाच्या हातचं हाय ते?"

"हिच्या. आनी कुणाच्या?"

"कुणी बघितलं?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"मी इचारते, कुणी बघितलं? यल्लय्याअण्णा, तुमी कुटं बघत व्हता?"

मामा म्हणाले, "वर."

"बाशूमियाँ, तुमी?"

"ऊपर, अक्का. सबच ऊपर."

"तू गं? तू? वर. सगळीच वर." तिनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. "खाली बघनारी एकटी मी. मी सांगते ते ऐका मग. तो पट्टा माझ्या हातनं राहिला. या पोरीचा कुंचा तवा फिरत व्हता. वळताना मी चुकले."

मी तोंड उघडलं. तिचा पाय माझ्या पायावर पडला, टाचेसकट, आणि तिथेच राहिला. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या भाषेत दोनच शब्द पुटपुटली. मला तेवढं तेलुगू एव्हाना कळत होतं: तोंड मीट.

त्या बोळाची आणखी एक रीत होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती, तिला सगळ्यांत जास्त. लग्नाचा ताणा ज्याच्या हाताखाली चिकटून सुकला, त्याचा हात पुन्हा लग्नाच्या ताण्याला लागत नाही. शिक्षा नव्हे, राग नव्हे. नुसता लागत नाही. मामा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मला आजही वाटतं, त्यांना कळलं होतं. पण ती म्हणाली ते खोटं म्हणायला त्यांनी खाली बघितलेलं असायला हवं होतं.

पडवी राहिली. लक्ष्मीचं लग्न झालं. तिचं लुगडं ताण्याच्या पट्टा नसलेल्या भागातून निघालं, नितळ. लग्नात अक्का बायकांच्या पंगतीत बसली, वाढलेलं जेवली, हसली. पुढच्या लग्नसराईत बोळात ताणे पसरले तेव्हा हळदकुंकवाचा कुंचा दुसऱ्याच दारात गेला. मी पडवीतून बघत होते. अक्का तिच्या उंबऱ्यावर बसून नेहमीच्या ताण्यासाठी कुंचा झाडत होती. तिनं एकदाच मान वळवून तिकडे बघितलं. मग पुन्हा झाडायला लागली. तो आवाज, सुक्या कुंच्याचा जमिनीवर आपटण्याचा, मला या सगळ्यांत जास्त ऐकू येतो.

वर काय होतं त्याबद्दल बोळात कुणी बोलायचं नाही. पोरं बोलली तर मोठी डोळे वटारायची. ते बोलणं काढलं की ताणा निघायचा, ताणा निघाला की अक्का निघायची. हळूहळू ते दिसलंच नव्हतं असं झालं. बाशूचाचा तेवढे कधी कधी सूत वाळत घालताना किल्ल्याच्या बाजूला डोळे बारीक करून उभे राहायचे. मी गेले की लगेच सूत झटकायला लागायचे. त्या उन्हाळ्यात सोनीला ताप आला, आणि रहाटाजवळून जाणाऱ्या बायका माझ्याकडे बघायच्या. तोंडानं काही नाही. मी सोनीला झाडाखाली ठेवणं सोडलं. उघड्यावर निघाले की तिच्या तोंडावर पदर ओढायची. ताप उतरला, पण भीती उतरली नाही. आता इथे सोनी शाळेत जाते तेव्हा तिच्या डोक्यावरचं आभाळ मी गल्लीच्या वळणापर्यंत बघत राहते. ती म्हणते, "आई, पाऊस न्हाई येत गं." तिला वाटतं, मी ढग बघते.

अक्कानं मला एकदाच विचारलं. नळावर, घागर भरताना. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"पिल्ला, काय व्हतं गं वर?"

तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. आणि मला शब्द सुचेनात. तिसरीच्या पुस्तकात असलं काही नव्हतं. शिवाय वाटलं, मी नाव काढलं तर ते परत येईल. माझ्या हाळीनंच ते आलं असं ऐकून ऐकून मलाही तसं वाटायला लागलं होतं. मी म्हणाले, "काय न्हाय, अक्का. उजेड व्हता नुसता."

"नुसत्या उजेडाला एवढी माणसं येडी झाली?" ती हसली. आणखी थोडा वेळ थांबली, मी काही बोलेन म्हणून. घागर भरून वाहायला लागली. मग तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि गेली.

पुढच्या वर्षी लष्कराचा अंमल आला, बोळाच्या तोंडाशी बंदूकवाले सोजीर उभे राहिले. भोंगे काही दिवस वाजेनात. मग ह्यांच्या गिरणीच्या कामापायी इंदूर. निघायच्या दिवशी अक्का हे लुगडं घेऊन आली. त्या ताण्यातलं, पट्टा असलेलं. ते विकण्यासारखं नव्हतं, म्हणून मामांनी तिच्या हाती ठेवलं होतं. तिनं ते माझ्या गाठोड्यात खोचलं. "तुझं हाय. तू ने." मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला दंडाला धरून वर उचललं. म्हणाली, "खाली नको बघू आता. लई बघितलंस."

इथे आता विमानं दिसतात अधूनमधून. आवाज आधी येतो, मग ते दिसतं. लोक बघतात आणि आपल्या कामाला लागतात. मला आवाजाची भीती वाटत नाही. आवाज नसलेल्या दुपारी मात्र मी उगीच बाहेर येते.

मागल्या महिन्यात साखर पेठेतला एक विणकर इथल्या गिरणीत लागला. त्याला अक्काचं विचारलं. म्हणाला, "नरसव्वा व्हय? हाय की. पन डोळे गेल्यात जमा हायत. मोतीबिंदू. हातानं चाचपून कुंचा मारती अजून." हे मी ऐकलं त्याला इतके दिवस झाले आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. परवाची ट्रंक, सोनीचे परकर, हे सगळं त्यावर आलं. मी लुगड्याची घडी घातली, पट्टा आत ठेवून. सोनी रुसली. तिला म्हटलं, परकराचं बघू, हे मात्र ज्याचं त्याला न्यायचं आहे.

अक्का, तुला वाचता येत नाही, आणि आता दिसतही नाही. पण मी येईन. ह्यांना रजा मिळो न मिळो, सोनीला घेऊन येईन. संक्रांतीनंतरच्या कोवळ्या उन्हात, पांजणीच्या वेळी. मामा असतील तर त्यांच्यासमोर, सगळ्या बोळासमोर सांगेन की पट्टा कुणाच्या हातचा होता. या वेळी पायावर पाय ठेवलास तरी सांगेन. मग तुझ्या हातातला कुंचा मी घेईन. खळ ओली असेल, मान वर करणार नाही. तू उंबऱ्यावर बस आणि तोंड किल्ल्याच्या बाजूला वर कर. तुझ्या वाटणीचं मी अजून जपून ठेवलंय. कुंचा फिरवत फिरवत पहिल्या लकाकीपासून सांगत जाईन, ताणा सुकेपर्यंत.